कठड्यावर लटकलेलं डुक्कर

पहिलं डुक्कर जहाजाच्या कठड्यावर आलं तेव्हा पोलिकार्पोचा उजवा हात सवयीनं वर गेला होता. चाळीस वर्षं हाच हात बघून सेबूच्या तीन नंबरच्या धक्क्यावर माल उतरत आला होता. तळवा खाली झाला की जहाजावरची यारी चालवणारा विंचवाला दोर सोडायचा, मूठ वळली की थांबायचा. आता तळवा खाली होणार एवढ्यात थोरली बहीण त्रिनिंग पुढं आली आणि तिनं तो हात मनगटापाशी धरला.

"खाली घे तो हात," ती म्हणाली. "आपल्याच हातानं उतरवून घेणार आहेस काय?"

पोलिकार्पोनं दचकून मूठ वळली. विंचवाल्यानं ती बघितली आणि दोर रोखला. केळीच्या पानांत गुंडाळलेलं, चिंचेच्या पाल्यानं भरून खरपूस भाजलेलं ते डुक्कर बांबूसकट जाळीत लटकत राहिलं. मुंडकं धक्क्याकडे, शेपूट जहाजाकडे, आणि पोट बरोबर कठड्यावर.

ही चूक आधी कुणाच्याच लक्षात कशी आली नाही, यावर पुढं पोलिकार्पोच्या सुमालिनोग घराण्यात वर्षानुवर्षं वाद झाले. खरी गोष्ट अशी की दोन्ही नियम सगळ्यांच्या इतके अंगवळणी पडले होते की ते शेजारी ठेवून बघावेत असं कुणाला सुचलंच नाही. मागणीची रीत अशी, की मुलाकडच्यांनी सगळं आपलं आणायचं. डुक्कर, भात, माडी तर झालंच, पण चुलीचं जळण, प्यायचं पाणी, ताटं आणि मीठसुद्धा. मुलीकडच्यांनी काडी उचलायची नाही. उचलली, तर मुलगी घरात जड झाली होती असं गाव म्हणतं. आणि बंदराचा नियम असा, की कठड्यावरून जे खाली येतं तो माल, आणि मालाला हात लावायचा तो फक्त बिल्लेवाल्या टोळीनं. तीन नंबरच्या धक्क्याची टोळी म्हणजे मुकादम पोलिकार्पोची बेचाळीस माणसं. त्यातला प्रत्येक जण त्याच्या मुलीचा, पीनाचा, काका, मामा, भाऊ किंवा भाच्याचा जावई होता. इस्त्रीचे पांढरे सदरे घालून ते ओळीनं उभे होते आणि वाऱ्यावर येणारा वास हुंगत होते.

पोलिकार्पोला मनातून थोडं बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. मुलाकडच्या दागातान मंडळींना धक्क्यावर बोलवायची कल्पना त्याचीच. तीन महिन्यांपूर्वी पीनानं जेवताना सांगितलं होतं, की तिला पिदिंग दागातानशी लग्न करायचंय. बाप हातातला घास खाली ठेवून म्हणाला, यायचंच असेल तर त्यांना म्हणावं माझ्या धक्क्यावर या. वीस वर्षं ज्या धक्क्याला तुमचं जहाज लागलं नाही, तिथं लागू दे. त्याला वाटलं होतं, या अटीवर पिदिंगची आई नाहीच म्हणणार. तिचा होकार चौथ्या दिवशी आला.

वीस वर्षांपूर्वी काय झालं ते या घरात कोवळ्या पोरालाही पाठ होतं. याच धक्क्यावर दागातानांचं खोबरं चढत होतं. कठड्याच्या बाहेर नुकसान झालं तर टोळीचं, कठड्याच्या आत झालं तर जहाजाचं, हा नियम. कागदावर त्याला एफओबी म्हणतात, सुमालिनोगांच्या घरात त्याला नुसतं 'कठडा' म्हणत आणि तो सगळ्याला लावत. तर त्या दिवशी चाळीस गोण्यांची झोळी फाटली ती नेमकी कठड्यावर. निम्मं खोबरं डेकवर, निम्मं समुद्रात. पिदिंगचा बाप म्हणाला, टोळीनं झोळी नीट बांधली नाही. पोलिकार्पो म्हणाला, झोळीच तुमची कुजकी. तेव्हापासून दागातान आपला माल दुसऱ्या धक्क्यावर न्यायला लागले, टोळीचं सगळ्यात मोठं काम गेलं, आणि दोन घरांत एक शब्द बोलला गेला नाही. पिदिंगचा बाप वारला तेव्हाही नाही.

जहाजाच्या कठड्याशी आता त्याचीच बायको, पिदिंगची आई, उभी होती. सोलेदाद दागातान, साठीची, बोहोल बेटावरच्या जाग्ना गावची नारळाची मोठी व्यापारीण, बाह्या फुगवलेल्या रेशमी पोशाखात. पहाटे तीनला उठून तिनं तिन्ही डुकरांवर स्वतः नारळपाणी चोळलं होतं. वीस वर्षं ज्या माणसाचं तोंड बघायचं नाही म्हणून ती वळसा घालून गेली, त्याच्यासमोर आज तिला हात जोडून मुलगी मागायची होती. त्यासाठी तिनं मन घट्ट केलं होतं, दोन रात्री झोपली नव्हती, आणि आता सगळं अडलं होतं ते डुकराच्या पोटापाशी. तिच्या शेजारी मागणीची कवनं म्हणणारा म्हातारा सिसोय घसा खाकरत उभा होता. बिदागी आगाऊ घेतल्यामुळे त्याला राहवत नव्हतं. तो दर पाच मिनिटांनी "लांबून उडत आलो आम्ही पाखरं" अशी सुरुवात करी आणि सोलेदाद त्याचा दंड दाबून त्याला थांबवी.

"मानोंग कार्पो," तिनं वरून हाक मारली. वीस वर्षांतला पहिला शब्द असा, 'दादा' म्हणून बाहेर पडला. "आमची माणसं खाली उतरतात आणि उचलून नेतात. तुमचं घर दोनशे पावलांवर तर आहे."

"आमची ना नाही," पोलिकार्पो म्हणाला. "बंदराची आहे."

बंदराच्या वतीनं त्याचा धाकटा भाऊ ओनियो पुढं सरसावला. हा युनियनचा सेक्रेटरी. नियमाचं पुस्तक मागणीच्या दिवशीही त्याच्या खिशात होतं. या लग्नाला सगळ्यात जास्त विरोध त्याचाच होता, आणि विरोध असला की त्याचा आवाज फार मऊ व्हायचा. त्यानं मऊ आवाजात समजावलं, की रीत म्हणते माल दारपोच, जोखीम पाठवणाऱ्याची. बंदर म्हणतं माल कठड्याशी, पुढं जोखीम टोळीची. एका मालावर दोन कागद चालत नाहीत. दोन वाजता सिमेंटचं जहाज लागणार, तोवर धक्का रिकामा करायचा. आणि मागणीचं डुक्कर न उतरता परत गेलं, तर ते उत्तर समजायचं. नकार समजायचा आणि पुन्हा येता येत नाही, हे मानांग सोलेदादना, म्हणजे ताईंना, माहीत असेलच.

तिला माहीत होतं. पीनालाही माहीत होतं.

पीना गोदामाच्या दाराआड, मालाची मोजदाद लिहायच्या टॅलीच्या टेबलाशी बसली होती. मागणीच्या दिवशी मुलीनं दिसायचं नसतं, पण या धक्क्यावरची टॅली कारकून तीच असल्यामुळे तिच्याशिवाय जहाजही लागलं नसतं. तोडगा म्हणून त्रिनिंग आत्यानं तिला दाराआड बसवलं होतं आणि दार बोटभर उघडं ठेवलं होतं. त्या फटीतून तिला पिदिंग दिसत होता. पांढऱ्या झिरझिरीत सदऱ्यात घामाघूम, डुकराखाली उभा, जणू ते पडलं तर झेलणार. बोटीच्या बुकिंग खिडकीत बसणारा माणूस हा. पावतीपेक्षा जड काही त्यानं आयुष्यात उचललं नव्हतं. पीना सत्तावीस वर्षांची होती, चार वर्षं त्या खिडकीशी जाऊन नको असलेल्या तिकिटांचे भाव विचारत होती, आणि दोन वाजता हे सगळं संपेल अशी तिला भीती वाटत होती. त्याच वेळी तिला भयंकर हसूही येत होतं. तिनं रजिस्टर तोंडावर धरलं.

साडेअकरापर्यंत धक्क्यावर जत्रा झाली. ज्याला त्याला तोडगा सुचत होता. टोळीतल्या एकानं विचारलं, पाहुण्याला शिडीवरून हातातलं सामान घेऊन उतरता येतं ना, मग डुक्कर हातातलं सामान का नाही. ओनियोनं पुस्तक चाळलं. काखेत मावेल ते सामान, बांबूला बांधलेलं असेल तो माल. मग काखेत मावतील असे तुकडे करा, असं कुणीसं म्हणालं, आणि सोलेदाद कडाडली. मागणीच्या डुकराचं कातडं दारात पोचेपर्यंत तडकता कामा नये. तुकडे करून आणायला ती काय खाणावळ चालवते?

"अगदी बरोबर," ओनियो म्हणाला. "कातडं तडकलं तर मागणीच नाही."

आपण शत्रूच्या बाजूनं बोललो हे त्याला नंतर कळलं. पण सोलेदादनं त्याच्याकडे अशा कौतुकानं पाहिलं, की त्याला शब्द मागे घेववेना. पुढची दहा मिनिटं ती वरून आणि तो खालून, दोघं मिळून बाकीच्यांना रीतभात शिकवत राहिले. ताटं शिडीवरून आली, मीठही आलं, पाण्याचे घडे मात्र काखेत मावेनात. एका आत्येभावानं दोन नंबरच्या धक्क्यावरची टोळी बोलवू या म्हटलं आणि त्याला सगळ्यांनी मिळून गप्प केलं. आपल्या धक्क्यावर परका हात? त्यापेक्षा मुलगी बिनलग्नाची राहिलेली परवडली. पीनानं हे दाराआडून ऐकलं आणि तिचं हसू पार पळालं.

तिचा चेहरा फटीतून त्रिनिंगला दिसला.

त्रिनिंगनं पीनाला तीन वर्षांची असल्यापासून वाढवलं होतं. सकाळी भावाचा हात तिनंच धरला होता, कारण घराण्याची लाज म्हणजे तिला जीव की प्राण. दागातानांना तर ती वीस वर्षं शिव्या देत आली होती आणि त्यातल्या काही फार सुंदर होत्या. पण पोरीचा तो चेहरा बघितल्यावर तिच्या मनानं बाजू बदलली. एकदा बदलली की त्रिनिंग आधी कुठल्या बाजूला होती हे ती स्वतःही विसरायची.

"कार्पो," ती म्हणाली, "आपल्या बापानं आईला मागणी घातली तेव्हा काय केलं होतं?"

पोलिकार्पो म्हणाला, डुक्कर आणलं होतं.

"डुक्कर नंतर. आधी आठ महिने आजोबांच्या घरी राबला. लाकडं फोडली, पाणी भरलं. नवऱ्या मुलाला आधी राबवून घ्यायचं, ही जुनी रीत. आपण आळशी झालो म्हणून ती गेली." ती पिदिंगकडे वळली. "ए पोरा, राबशील का?"

पिदिंगनं काय विचारलंय हे न समजता हो म्हटलं. त्या सकाळी तो कशालाही हो म्हणाला असता.

"मग याला बिल्ला दे," त्रिनिंग भावाला म्हणाली. "बिल्ला मिळाला की तो टोळीचा माणूस, बंदराला चालतो. आणि आहे मुलाकडचा, रीतीला चालतो. त्यालाच उतरवू दे त्याच्या आईचं डुक्कर."

मग सगळ्यांनी ओनियोकडे पाहिलं. त्यानं पुस्तक काढलं आणि उगीच बराच वेळ चाळलं. बिल्ला सकाळी सातच्या हजेरीला द्यायचा असतो, तो म्हणाला. मात्र टोळीत माणसं कमी पडली, तर मुकादम केव्हाही रोजंदारीवर माणूस घेऊ शकतो.

"कमी कुठं आहेत?" पोलिकार्पोनं सुटकेचा श्वास टाकला. "बेचाळीसच्या बेचाळीस उभे आहेत."

तेव्हा सगळ्यात म्हातारा मामा कमरेवर हात ठेवून हळूच खाली बसला. पाठीत उसण भरली, म्हणाला. त्याच्या शेजारच्यालाही भरली. मग ती ओळीनं भरतच गेली. धक्क्यावर आजवर कसलीच साथ आली नव्हती, ती त्या दिवशी आली. शंभरशंभर किलो पाठीवर नेणारी माणसं इस्त्रीच्या सदऱ्यात कण्हत खाली बसली. कुणाचा गुडघा, कुणाचा खांदा. एकाचे दात दुखायला लागले. ओनियो तेवढा उभा होता. त्यानं एकदा वर सोलेदादकडे पाहिलं, पुस्तक खिशात घातलं आणि म्हणाला, "मलाही जरा चक्कर येतेय." तो बसला.

पोलिकार्पो एकटा उभा राहिला. कंबरेच्या पिशवीत बिल्ले होते, पितळेचे, नंबर कोरलेले. देणं सोपं होतं आणि त्याचा हात जात नव्हता. बिल्ला दिला की माणूस मुकादमाचा. त्यानं केलं ते मुकादमानं केलं, त्यानं सांडलं ते मुकादमानं सांडलं. म्हणूनच त्यानं आजवर नात्याबाहेर बिल्ला दिला नव्हता. आणि आता तो कुणाला द्यायचा, तर ज्याच्या बापानं भर धक्क्यावर त्याला निष्काळजी म्हटलं होतं, त्याला. तो शब्द त्याला अजून सलत होता. त्यानं गोदामाच्या दाराकडे पाहिलं. फटीत पीनाचा एक डोळा होता, आणि तो हसत नव्हता.

त्यानं पिशवीत हात घातला.

"काम येतं का काही?"

"नाही, मानोंग," पिदिंग म्हणाला.

"खरं बोलतोस तेवढं बरं," पोलिकार्पो पुटपुटला आणि बिल्ला त्याच्या झिरझिरीत सदऱ्याला लावला. पितळेच्या वजनानं खिसा लोंबला.

पुढं जे झालं त्याला आवर राहिला नाही. एका माणसाला तीन डुकरं, जळण आणि घडे जमणार नाहीत हे उघड होतं. मग पिदिंगच्या भावानं बिल्ला मागितला, मग मामांनी, मग जावयांनी. शिडीवरून दागातान मंडळी मुंगळ्यांसारखी उतरली आणि रांगेत उभी राहिली. पोलिकार्पो नाव विचारायचा, बिल्ला लावायचा, पुढचा म्हणायचा. दहाव्या नावापर्यंत त्याचा आवाज नेहमीच्या हजेरीसारखा चढला आणि त्याला स्वतःलाच मजा यायला लागली. एका बोहोलकर काकानं बिल्ला चावून बघितला. सिसोयलाही एक मिळाला. छातीवर तो बघून म्हाताऱ्याला भरून आलं आणि त्यानं पाखरांचं कवन पुन्हा सुरू केलं, पण ऐकायला कुणी रिकामं नव्हतं.

आता कामाची गंमत अशी, की दागातानांना माल विकता येत होता, उचलता येत नव्हता. पहिलं डुक्कर सहा जणांनी सहा दिशांना ओढलं. खाली बसलेल्या टोळीला हे बघवेना. ते जागेवरूनच ओरडून शिकवायला लागले. दोर कमरेशी धर, हिसका देऊ नको, पाय फाकव, अरे गाढवा डावा पाय. दुसरं डुक्कर बरं उतरलं. त्यावर पाठदुखीच्या सगळ्या रोग्यांनी टाळ्या वाजवल्या. सोलेदाद स्वतः पुसोंची, म्हणजे नारळाच्या पात्यांत विणून शिजवलेल्या भाताच्या पुड्यांची, माळ गळ्यात घालून खाली आली आणि त्रिनिंगच्या शेजारी बसली. दोघी काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं त्या एकाच पानातलं कातडीचं खरपूस टोक मोडून खात होत्या. कातडं तडकलेलं होतं, पण तो विषय कुणी काढला नाही.

दीड वाजता तिसरं डुक्कर निघालं. सगळ्यात मोठं. जाळी सरळ ठेवायचा दोर पिदिंगच्या हातात होता. डुक्कर कठडा ओलांडून बाहेर आलं. पोलिकार्पोनं तळवा खाली केला, विंच फिरली, आणि वारा आला. जाळी गरकन वळली. पिदिंगनं दोर सोडला नाही, पण सोलवटलेल्या तळव्यातून तो सरसर निसटला. जाळी जहाजाच्या कडेला आपटली, बांबू निखळला आणि डुक्कर धक्का आणि जहाज यांच्या मधल्या हातभर पाण्यात गेलं. आवाज फार मोठा झाला नाही.

कण्हणं थांबलं. बेचाळीस माणसं उठून उभी राहिली. त्यांच्यातल्या निम्म्यांनी वीस वर्षांपूर्वी याच जागी असंच पाणी बघितलं होतं. पिदिंग दोर गेलेल्या हातांकडे बघत होता. पीना दाराआडून बाहेर आली. रीत गेली खड्ड्यात.

सोलेदाद उठली. गळ्यातली पुसोंची माळ सावरत ती धक्क्याच्या कडेला आली. "नुकसान आमचं," ती म्हणाली. "माल दारी पोचेपर्यंत आमचा. त्यात वाद नको."

"वाद नाहीच," पोलिकार्पो म्हणाला. "कठड्याबाहेर पडलंय. नुकसान माझं."

"मागणीचं डुक्कर आहे मानोंग. तुमचा कठडा इथं चालत नाही."

"माझ्या धक्क्यावर माझाच कठडा चालतो."

"वीस वर्षांपूर्वी नाही चालला तो?"

"तेव्हा झोळी तुमची होती."

"आणि आज जाळी कुणाची आहे? आमचीच आहे. आमची जाळी, आमचं डुक्कर, आमचा मुलगा."

"मुलगा कुणाचा?" पोलिकार्पो एवढ्या जोरात ओरडला की दोन नंबरच्या धक्क्यावरचे लोक वळले. त्यानं पिदिंगला दंडाला धरून पुढं ओढलं आणि त्याच्या छातीवरचा बिल्ला तिला दाखवला. "हे काय आहे? हा माझा माणूस आहे. यानं सांडलं म्हणजे मी सांडलं. माझ्या घरच्या माणसानं केलेलं नुकसान मी दुसऱ्याला भरू देत नसतो, मानांग, समजलं?"

सोलेदादनं तो बिल्ला बघितला. तिनं त्रिनिंगकडे पाहिलं, त्रिनिंगनं ओनियोकडे, आणि ओनियोनं खिशातल्या पुस्तकावर हात ठेवून मान हलवली, की हो, झालं, हे उत्तर धरता येतं. तिनं मुलगी मागण्याआधीच त्यानं तिच्या मुलाला घरचा म्हटलं होतं. ती रडायला लागली, आणि वीस वर्षं भांडण जपलेली बाई असल्यामुळे रडता रडताही म्हणाली, की पैसे तरी निम्मे तिचे.

आपण काय बोललो ते पोलिकार्पोला सगळ्यात शेवटी कळलं. टोळी ओरडत होती, दोन चुलतभाऊ सदऱ्यांसकट पाण्यात उतरले होते, सिसोय पहिल्यांदाच अडवलं न जाता पाखरांना थेट फांदीवर बसवत होता. पीना समोर उभी होती. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. बापाला तिच्याकडे बघणं जमेना. त्यानं पिदिंगचा दंड अजून धरलेलाच होता.

"हात दाखव," तो म्हणाला.

पिदिंगनं तळवे पुढं केले. कातडी सोलून निघाली होती, रक्त आलं होतं. पोलिकार्पोनं ते हात उलटसुलट करून बघितले, नाक मुरडलं आणि आपला रुमाल काढून उजव्या तळव्याला बांधला.

"उद्या सातला ये," तो म्हणाला. "दोर कसा धरतात ते शिकवतो."